नाव बदललं आहे

आमच्या चेऊलकर मॅडम पोरांच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी चपलांकडे. सोमवारी सकाळी समाजकार्याच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या, पहिल्या वर्षाची पोरं फिल्डवर्कचे अहवाल घेऊन रांगेत उभी राहिली की मॅडम टेबलावरून वाकून खाली नजर टाकायच्या. चपला स्वच्छ दिसल्या की अहवाल न उघडताच परत. "हात तुमचे लिहीत होते, पाय कुठे होते?" असं विचारायच्या. एका हुशार पोराने एकदा बूट नळाखाली भिजवले, कॉलेजच्या बागेत फेरी मारली आणि चिखल मिरवत रांगेत येऊन उभा राहिला. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाळा, खाडीचा चिखल वाळला की पांढरा पडतो. हा आपल्या जास्वंदीखालचा आहे. माळीकाकांना बोलावू का?" पोरगं त्याच दुपारी मुकाट एसटीत बसून फिल्डवर्कच्या गावाला गेलं. पुढे तेच पोरगं आमच्या विभागाचं भूषण ठरलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. वर्ष संपायच्या आत त्याने कॉलेज सोडलं आणि न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर लागला. पण मॅडम रस्त्यात दिसल्या की अजून आधी स्वतःच्या बुटांकडे नजर जाते, असं त्यानेच मला सांगितलं.

चेऊलकर हे त्यांचं खरं आडनाव नाही. या लिखाणातल्या सगळ्यांचीच नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव तर दिलेलंच नाही. जासईच्या पुढे खाडीच्या अंगाला ते आहे, एवढं पुरे. नाव बदलायची आमच्या क्षेत्रात पद्धतच आहे. त्याने माणूस किती झाकला जातो, यावरचा माझा भरवसा आता उडाला आहे. तरी बदलतो, कारण दुसरं काही सुचत नाही.

समाजकार्य शिकवणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर हातमागाची साडी आणि झोळी येते. मॅडमकडे यातलं काहीच नव्हतं. फुलाफुलांची सिंथेटिक साडी, "धुतली की वाळते आणि इस्त्री मागत नाही" म्हणून. मनगटावर पुरुषी घड्याळ. आवाज असा की व्हरांड्याच्या त्या टोकाला बाकावर डुलक्या घेणारं पोर सावरून बसे. आणि लाल स्कूटर. पनवेलहून उरणकडच्या गावांना त्या स्कूटरनेच जायच्या. गव्हाण फाट्याला कंटेनरच्या रांगेत शिरून, हात वर करून ट्रेलरवाल्याला थांबवायच्या आणि तो चक्क थांबायचा. मी विभागात नवीन लागलो तेव्हा मला मागे बसवून त्यांनी सगळी गावं दाखवली. मी बहुतेक गावं डोळे मिटूनच पाहिली. "नितीन, तुम्ही इतके घाबरता तर समाजकार्यात आलात कशाला? बँकेत जायचं," असं त्या हेल्मेटमधून ओरडायच्या. मागून हॉर्न वाजत असायचे, त्यामुळे माझं उत्तर त्यांना कधी ऐकू गेलं नाही.

फिल्डवर चहाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. स्वतःला मधुमेह होता. तरी पाकाइतका गोड चहा हसत प्यायच्या आणि बाहेर पडल्यावर पर्समधली गोळी घ्यायच्या. "ती बाई तुम्हाला तिचं घर सांगणार आहे. तुम्ही तिचा कप तरी उचला," असं पोरांना बजावायच्या. दुसरा नियम फोटोंचा. मदत म्हणून काही घेताना माणसाचा चेहरा फोटोत येता कामा नये. एकदा विभागाची तपासणी करायला वरून समिती आली होती. त्यातल्या एका साहेबांना पाड्यावरच्या बायकांना ब्लँकेटं वाटतानाचे फोटो हवे होते. मॅडम म्हणाल्या, "देणाऱ्याचा काढा ना सर. तुम्ही उभे राहा, मी तुम्हाला ब्लँकेट देते." साहेबांनी ते विनोदावारी नेलं. मॅडमनी मात्र खरोखरच ब्लँकेट आणून त्यांच्या हातात ठेवलं आणि एका पोरीला फोटो काढायला लावला. त्या वर्षी विभागाला दर्जा जरा खालचा मिळाला. प्राचार्य आठवडाभर मॅडमशी बोलत नव्हते आणि मॅडमना ते आठवडाभर कळलंही नाही.

तिसरा नियम शब्दांचा होता. बाईने जे जसं सांगितलं ते तसंच लिहायचं, प्रमाण मराठीत धुऊन काढायचं नाही. पोरं "उपजीविकेची साधने संपुष्टात आली" असं लिहून आणायची. मॅडम वर लाल पेनने विचारायच्या, "असं कोण बोललं? मला त्याला भेटायचंय." मग पोरगं मूळ वाक्य काढून द्यायचं, "खाडी मेली, आता आमी काय खावाचं?" आणि मॅडम खूश व्हायच्या.

आणि सगळ्यात मोठा नियम परतीच्या दिवसाचा. हा त्यांनी स्वतः सुरू केलेला रिवाज. इतर ठिकाणी दुसऱ्या वर्षाची पोरं लघुप्रबंध लिहितात, तीन प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षा देतात, मार्क घेतात आणि मोकळी होतात. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं याचा पत्ताही नसतो. मॅडमना ही चोरी वाटायची. त्यांच्याकडे लघुप्रबंध बांधून जायच्या आधी गावाला कॉलेजात बोलवायचं, पुढच्या खुर्च्यांवर बसवायचं आणि पोरांनी त्यांच्यासमोर वाचून दाखवायचं. त्याच्याही आधी एक पायरी होती. ज्या माणसाची गोष्ट लिहिली आहे त्याच्या घरी एकट्याने जायचं आणि फक्त त्याला वाचून दाखवायची. तो हो म्हणाला तरच ती पुढे.

पहिल्याच परतीच्या दिवशी मिठागरात उभा जन्म गेलेले एक आजोबा वाचन चालू असताना उठून उभे राहिले. "आमी असं बोललोच नाय," म्हणाले. वाचणारा पोरगा कावराबावरा झाला. त्याने आपल्या टिपणात बघितलं, रेकॉर्डिंग आहे म्हणाला. आजोबा म्हणाले, "त्या दिवशी बोललो असंन. पन माझं तसं मत नाय." हॉलमध्ये हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे तो परिच्छेद खोडायला लावला. आजोबा समाधानाने खाली बसले आणि जेवताना पोराच्या पानात त्यांनी आपल्या हाताने जिलबी वाढली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य ठिकाणी नोकरीला लागलो आहोत. असं वाटण्याचे प्रसंग नोकरीत फार येत नाहीत.

हे सगळं मी इतक्या कौतुकाने सांगतो आहे, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

प्रणाली आमची विद्यार्थिनी. बेलपाड्याची, आगरी घरातली. खारघरच्या टॉवरांच्या मध्ये जे जुनं गाव शिल्लक आहे तिथली. घरात पदवीच्या पुढे शिकणारी पहिलीच. वडील बिल्डरांना रेती पुरवायचे. पोरीने एमएसडब्ल्यू म्हणजे नक्की काय करायला घेतलंय हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही, पण फी भरताना त्यांनी कधी आवाज चढवला नाही. प्रणालीला ऐकता यायचं. ही गोष्ट शिकवून येत नाही. ती बाईसमोर बसली की बाई बोलायची. खाडीच्या चिखलात उतरून शिंपल्या, कालवं काढणाऱ्या बायकांचा तिने विषय घेतला. भराव पडला, पाणी मागे हटलं, त्यानंतर या बायकांच्या घरात काय काय हललं, असा. वर्षभर ती त्या गावात जात होती. तिच्या चपला मॅडमना कधी बघाव्या लागल्या नाहीत.

तिथे एक बाई होत्या. मॅडम त्यांना ताई म्हणायच्या, मीही इथे ताईच म्हणतो. ताई साठीच्या आसपासच्या, चिखलात उतरणाऱ्या बायकांच्या पुढारीच म्हणा. पहाटे त्यांनी आळीतून हाक मारली की बाकीच्या निघायच्या. मॅडमचा आणि त्यांचा जुना स्नेह. गावात पहिला चहा त्यांच्याकडे ठरलेला. मॅडमना त्या "मोठी बाय" म्हणायच्या. त्यांनी प्रणालीला एक गोष्ट सांगितली. घरात मुलगा, सून, नातवंड, कुणालाही माहीत नसलेली, त्यांच्या तरुणपणातली. ती काय होती ते मी इथे लिहिणार नाही. ती एकदा माईकवरून सांगून झाली आहे.

त्या वर्षी विद्यापीठाने तारखा अलीकडे ओढल्या. लघुप्रबंध घाईघाईने बांधून गेले आणि परतीचा दिवस मागे राहिला. मॅडमची चिडचिड झाली, पण "निकाल लागायच्या आत करू, काही खोडायचं असेल तर दुरुस्तीपत्र जोडू," असं म्हणून त्यांनी समजूत घातली, आमची आणि स्वतःचीही. तोवर बातमी आली की प्रणालीच्या लघुप्रबंधाला विद्यापीठाचं पहिलं पारितोषिक मिळालं. आमच्या विभागाला असं काही मिळण्याची ही पहिलीच वेळ. प्राचार्यांनी पेढे वाटले. कॉलेजच्या फाटकावर प्रणालीचा फ्लेक्स लागला. बेलपाड्यात तर नाक्यावर त्याहून मोठा लागला, त्यात प्रणालीपेक्षा मोठे फोटो स्थानिक नेत्यांचे. प्राचार्य म्हणाले, सत्कार आणि तुमचा तो परतीचा दिवस एकदमच उरकून टाकू.

मॅडम बरं म्हणाल्या. मी तिथेच होतो. त्या खूप आनंदात होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या पद्धतीला कुणी शाबासकी दिली नव्हती, ती आता वरून आली होती. घरी जाऊन ताईंना एकटीला वाचून दाखवायचं राहिलं आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी प्रणालीला विचारलंही. प्रणाली म्हणाली, "मॅडम, नाव बदललंय, वय बदललंय, गावाचं नाव कुठेच नाही. ताईंना सगळ्यांसमोर ऐकायला जास्त आवडेल." मॅडम हसल्या. आम्ही सगळेच हसलो.

सत्काराच्या दिवशी गावातून दोन गाड्या भरून बायका आल्या. नव्या साड्या, केसांत अबोली. मॅडमनी दारात उभं राहून एकेकीला हळदकुंकू लावलं, पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मंचावर प्राचार्य, एक पुढारी, आणि कडेच्या खुर्चीवर मॅडम. त्यांना मंचावर बसायची सवय नव्हती, सारख्या पदर सारखा करत होत्या.

प्रणाली वाचायला उभी राहिली. फार सुंदर वाचलं तिने. मॅडमच्या नियमाप्रमाणे एकही शब्द धुतलेला नव्हता. आणि भाषा तिच्या घरचीच, त्यामुळे वाचताना ती न कळत त्या बाईच्याच सुरात बोलायला लागली. ताईंची बोलायची एक लकब आहे. वाक्याच्या शेवटी दोन शब्द नेहमी येतात, तसे त्या गावात दुसरं कुणी बोलत नाही. ते दोन शब्द माईकवरून आले आणि पहिल्या रांगेतली एक बाई हसून मोठ्याने म्हणाली, "अगो, ही तर आपली..." आणि तिने ताईंचं नाव घेतलं. बायका हसल्या, ताईही हसल्या. आणि मग प्रणाली पुढचं वाचू लागली.

कागदात डोळे असल्यामुळे प्रणालीला काही दिसलं नाही. मला दिसलं. हसू एकेका चेहऱ्यावरून उतरत गेलं. एकेक मान वळली. ताईंची सून मागच्या रांगेत लेकराला घेऊन बसली होती, तिने मान वळवली नाही, ती लेकराचे केस नीट करत राहिली. ताई समोर मंचाकडेच बघत होत्या. मॅडम खुर्चीवरून उठल्या. माईकपर्यंत जाऊन वाचन थांबवावं, एवढं त्यांच्या मनात आलं असणार. पण थांबवलं तर उरलेल्या हॉललाही कळणार, ही बाई तीच. त्या तशाच क्षणभर उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या. वाचन संपलं. मागे बसलेल्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही वाजवल्या, वाचन संपलं की वाजवायच्या असतात म्हणून. ताईंनीही वाजवल्या.

जेवायला त्या थांबल्या नाहीत. बाकीच्या बायका पुलाव खात होत्या तेव्हा त्या गाडीत एकट्या जाऊन बसल्या होत्या. मॅडम पान तसंच टाकून गाडीच्या खिडकीपाशी गेल्या. काच वर होती. ताईंनी ती खाली केली नाही.

थोड्याच दिवसांत कळलं की ताईंचा मुलगा बायको-पोराला घेऊन उलव्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. आईशी भांडला नाही, काही विचारलं नाही, फक्त गेला. आळीतल्या बायकांनीही कुणी वाकडा शब्द काढला नाही. पहाटे ताईंच्या हाकेची वाट न बघता त्या परस्पर खाडीवर जाऊ लागल्या, इतकंच.

मॅडमबरोबर मी ताईंच्या घरी गेलो. त्या दिवशी स्कूटर त्यांनी फार हळू चालवली आणि मी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून गेलो. ताईंनी बसायला सतरंजी टाकली. चहा ठेवला. मॅडमनी माफी मागितली, सरळ, कुठलीही सारवासारव न करता. प्रणालीचं नावही घेतलं नाही, चूक माझी म्हणाल्या. ताई स्टोव्हकडे बघत होत्या.

"तुमी चांगल्या, म्हनून तर सांगितलं," त्या म्हणाल्या.

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. त्यावर साय धरली. शेवटी त्यांनी विचारलं, "मी काय करू, ताई?"

"काय करनार तुमी? आता गावात नका येव. तुमी आल्या का लोकांना पुन्ना आठवतं."

त्यानंतर मॅडम त्या गावात गेल्या नाहीत. लोकांत जा, लोकांत जा, म्हणून पोरांच्या मागे लागणाऱ्या बाईला एका गावाने येऊ नका म्हटलं होतं आणि त्यात त्या गावाची काही चूक नव्हती.

एक मात्र त्यांनी केलं. ताईंचं प्रकरण लघुप्रबंधातून काढून टाकायचं ठरवलं. प्रणालीला बोलावलं. मी माझ्या टेबलाशी पेपर तपासत होतो, उठून जायला हवं होतं, पण उठलो नाही.

"मॅडम, ते प्रकरण काढलं तर मागे काय राहतं?" प्रणाली म्हणाली. "प्रस्तावना आणि आढावा. पारितोषिक त्यावरच मिळालंय. त्याच्यावर मला पीएचडीला घेणार आहेत. आमच्या बाबांनी नातेवाईकांना जेवण घातलंय."

"माहीत आहे."

"शब्द तसेच ठेवा, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो. मीच सांगितलं."

प्रणाली रडली. मॅडम रडल्या नाहीत, त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. बऱ्याच वेळाने तिने पेन मागितलं. दोघींच्या सहीचा अर्ज विद्यापीठाला गेला. प्रकरण वगळावं, संकेतस्थळावरची प्रत काढावी, पारितोषिक परत घ्यावं. बाविशीच्या पोरीने आपल्या हातातलं सगळं परत द्यायला सही केली. तिचं हे धैर्य कुठल्या फ्लेक्सवर लागलं नाही.

उत्तर आलं की, मान्य झालेल्या लघुप्रबंधात बदल करण्याची तरतूद नाही. प्राचार्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून घेतलं. "बाईंच्या अंगठ्याचं संमतीपत्र आहे ना? नाव बदललंय ना? मग नियमात सगळं बसतंय. तुम्ही उगाच विभागाच्या यशाला डाग लावताय." दुष्ट नाहीत ते. पुढच्या वर्षीच्या जागा भरायची त्यांना काळजी होती, आणि त्या भरल्याही. पारितोषिकाचा फोटो आमच्या कार्यालयात चौकटीत लावलेला आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात, तेव्हा मी पाठ त्या भिंतीकडे करून बसतो. पण पालकांचं तोंड भिंतीकडे असतं. ते विचारतात, हे कशाबद्दल मिळालं? आणि मला सांगावं लागतं. दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लाज वाटते. लाज वाटूनही सांगतोच, याची आणखी वेगळी वाटते.

प्रणाली पीएचडीला गेली नाही. मुंबईत एका संस्थेत हिशेबतपासनीसांच्या हाताखाली काम करते, लोकांशी बोलावं लागत नाही असं. मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तो चषक आईने देव्हाऱ्यापाशी ठेवलाय. काढ म्हटलं की ती विचारते, का?"

मॅडम निवृत्तीपर्यंत शिकवत राहिल्या. आवाज मात्र खाली आला. सोमवारी पोरं रांगेत उभी राहायची, त्या अहवाल घ्यायच्या आणि खाली न बघता वाचायच्या. परतीचा दिवस बंद झाला. त्यांनी बंद केला नाही, पण पुन्हा कुणी तारीख काढली नाही. गोपनीयतेवरचा तास त्यांनी माझ्याकडे दिला. मी तो घ्यायचो तेव्हा त्या मागच्या बाकावर येऊन बसायच्या. एकदा पोरांमधून कुणीतरी विचारलं, सर, सगळं नियमाने करूनही बाईचं नुकसान झालं, असं कधी होतं का? मागून मॅडम उठल्या. "होतं. मी केलंय," म्हणाल्या आणि खाली बसल्या. पोरांना वाटलं, मॅडम समजावून सांगायला उदाहरण देताहेत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. परीक्षा संपल्यामुळे कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. वॉचमन वर आला, "उरणकडची एक बाई आलीय, मोठी बाय कुठे म्हणून विचारतेय." मॅडम खिडकीपाशी गेल्या. खाली फाटकाच्या सावलीत ताई उभ्या होत्या, एकट्या. मॅडम खिडकीतून मागे सरल्या. "नितीन, मी नाही म्हणून सांगा." मी दारापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. मीच जाते."

मी त्यांच्या मागे जिना उतरलो. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा कशी आहेस, बरी आहे, असं काही झालं नाही. ताई वाळल्या होत्या. म्हणाल्या, "त्या पोरीनं लिवलंय ते पुस्तक हाय ना तुमच्याकडं? ते मना द्या. माझं बोलनं हाय ते, माझ्या घरात ऱ्हाऊ दे."

मॅडम ग्रंथालयात गेल्या आणि लघुप्रबंध घेऊन आल्या. नोंद केली नाही. ग्रंथपालांनी बघितलं आणि काही विचारलं नाही. काळं पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं ते पुस्तक ताईंनी दोन्ही हातांनी घेतलं. पानं उलटली. वाचता येत नव्हतं. "यात कुटं हाय मी?" त्यांनी विचारलं. मॅडमनी पान काढून दिलं. ताईंनी ओळींवरून तळहात फिरवला, पुस्तक मिटलं, पदरात गुंडाळलं आणि काखेला धरलं. जायला वळल्या आणि थांबल्या.

"आता दुसरीकडं कुटं नाय ना?"

मॅडम नाही म्हणतील असं मला वाटलं. खरं सांगतो, त्यांनी नाही म्हणावं असंच मला वाटत होतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. ताई समाधानाने घरी गेल्या असत्या.

"आहे, ताई," मॅडम म्हणाल्या. "विद्यापीठात एक प्रत आहे. आणि कॉम्प्युटरवर आहे. कुणालाही, कुठूनही वाचता येते."

"पुसता येत नाय?"

"आम्ही अर्ज केला होता. ते पुसत नाहीत."

ताईंनी पदर सोडवला, पुस्तक काढलं आणि मॅडमच्या हातात ठेवलं.

"मंग हे बी ऱ्हाऊ दे तितंच," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. फाटकातून बाहेर पडून त्या उरण नाक्याच्या दिशेने चालू लागल्या. मॅडम दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. ताई नाक्याच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या, तरी त्या पुस्तक छातीशी धरून तिथेच होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नितीन, हे आत नेऊन ठेवाल? मला नाही जमायचं."

मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि ग्रंथालयात नेऊन ठेवलं. ते अजून तिथेच आहे.